झोपेच्या विज्ञानाचा ऑनलाइन कोर्स : कोल्हापूरच्या मुलांना काय शिकवावं, आणि किती वाजता?

अभ्यासिका (धागाकर्ती) | रविवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापुरात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. पुढच्या सत्रात 'झोपेचं विज्ञान' हा दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तासांचा ऑनलाइन कोर्स माझ्याकडे आलाय. कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येईल. चौकशी करणाऱ्यांत शिरोलीच्या फौंड्रीत पाळी करणारी मुलं आहेत, इचलकरंजीत मागावर जाणारी आहेत, गडहिंग्लज-चंदगडकडच्या लग्न झालेल्या मुली आहेत. दिवसा कॉलेजात येऊन बसणं यांना जमत नाही, म्हणूनच ऑनलाइन.

आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण झोपतो. आहारावर धडे असतात, व्यायामावर असतात, झोपेवर 'लवकर निजे, लवकर उठे' या एका ओळीत विषय संपतो. त्यामुळे हा कोर्स मिळाल्याचा मला मनापासून आनंद झालाय.

आराखडा साधारण असा. हान्स बर्गरनं १९२९ साली माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद प्रसिद्ध केली, तिथून सुरुवात. मग १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवलेली, डोळे झरझर हलण्याची 'रेम' झोप. असेरिन्स्कीनं आधी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून बघितलं होतं, ही गोष्ट मुलांना आवडेल. पुढे झोपेचे टप्पे, साधारण नव्वद मिनिटांचं आवर्तन, बोर्बेली या संशोधकानं १९८२ साली मांडलेल्या दोन प्रक्रिया (जागेपणी साठत जाणारा झोपेचा ताण आणि शरीराचं आतलं घड्याळ) आणि शेवटी निद्रानाश, घोरणं, रात्रपाळी.

आता अडचण. थेट तास कधी घ्यायचा विचारलं, तर बहुतेक जण म्हणतात, "रात्री साडेनऊनंतर." झोपेचा कोर्स रात्री अकरापर्यंत मोबाइलवर चालवायचा हे माझ्या मनाला पटत नाही. माझं मत ठाम आहे: या कोर्सनं कुणाची अर्धा तास झोपही खाता कामा नये.

दुसरं, प्रत्येकानं दोन आठवडे झोपेची डायरी लिहावी आणि तिला गुण असावेत असा विचार आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही विद्यार्थी असतात तर या कोर्सकडून काय अपेक्षा ठेवली असती?

निशाचर | सोमवार, मध्यरात्री १.४७

पहिल्याच तासाला सगळे कॅमेरे बंद. चौकशी केली तर एकच उत्तर, "मॅडम, प्रात्यक्षिक चालू आहे." 😄

दूरस्थ | सोमवार, सकाळी ८.०५

ताई, ऑनलाइन शिकवण्याचा माझा अनुभव सांगतो.

थेट तासावर फार भिस्त ठेवू नका. पाळीवर जाणारी मुलं ठरलेल्या वेळेला येऊच शकत नाहीत, आणि न येण्याचा अपराधीपणा साठत गेला की कोर्स सोडून देतात. दहा-बारा मिनिटांचे छोटे व्हिडिओ करा, प्रत्येकात एकच मुद्दा. त्याचीच नुसती ऑडिओ फाइलही द्या. खेड्यात नेट अडखळतं, आणि एसटीत बसून ऐकणारी मुलं खूप असतात. 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्सची रचना बघा: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चामंच असे चार भाग. चर्चामंचाकडे कुणी लक्ष देत नाही. तुमच्या विषयाला मात्र तोच सगळ्यात उपयोगी पडेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वाध्यायाची मुदत. बऱ्याच ठिकाणी ती रात्री ११.५९ ला ठेवायची सवय असते. मुलं तोवर जागतात, कारण मुदतच तशी आहे. तुम्ही ती संध्याकाळी सहा करा. ज्याला रात्री जमतं तो आदल्या रात्री करेल, पण शेवटची धावपळ मध्यरात्री होणार नाही.

सडेतोड | सोमवार, सकाळी ९.३०

वाईट वाटून घेऊ नका, पण मला याचा उपयोग दिसत नाही. लोक कमी झोपतात ते अज्ञानामुळं नव्हे. पाळी लागते, घर लहान असतं, पहाटे नळाला पाणी येतं म्हणून उठावं लागतं. फौंड्रीतल्या पोराला मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, शिकवलं म्हणून त्याची रात्रपाळी सुटणार आहे का? उलट 'आपण कमी झोपतोय' ही नवी काळजी डोक्याला. परिस्थिती बदलायची सोडून माणसाला सल्ले द्यायचे, हे आता फार झालंय.

ओतकाम | सोमवार, दुपारी ३.१५

सडेतोड साहेब, मी त्याच फौंड्रीतला. तुमचं निम्मं बरोबर आहे, निम्मं नाही.

आमच्याकडं भट्टी रात्रीच जास्त चालते. रात्री वीज स्वस्त पडायची, तेव्हापासून ओतकाम रात्री काढायचं हा हिशेब मालकाचा. तो मॅडमच्या कोर्सनं बदलणार नाही. पण आठवड्याला पाळी फिरते, ती कुठल्या क्रमानं फिरावी हे आम्ही सुपरवायझर ठरवतो. आमच्याकडं रात्र, मग दुसरी, मग पहिली असं उलटं फिरवायची पद्धत. कुणी विचारच केलेला नाही. पोरं पहिल्या पाळीच्या सोमवारी मेल्यासारखी येतात. पलीकडं चौदाशे डिग्रीचं वितळलेलं लोखंड असतंय, तिथं पेंग आली तर काय होईल सांगायला नको.

म्हणून मॅडम, हे सांगा: पाळी कशी फिरवावी? दिवसा पत्र्याखाली झोप कशी काढावी? आणि रात्रपाळीला चहा किती वाजेपर्यंत प्यावा? एवढं पक्कं कळलं तरी मी कोर्सला नाव घालतो.

अभ्यासिका | सोमवार, संध्याकाळी ६.४०

ओतकामदादा, तुमचे तिन्ही प्रश्न आता थेट अभ्यासक्रमात जाणार. उत्तरं इथेच देऊन ठेवते.

डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या वर साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. माणसांत त्याचा फेरा सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, आणि रोजचा उजेड त्याला चोवीसवर आणून लावतो. फेरा लांब असल्यामुळे उशिरा झोपायला सरकणं बहुतेकांना सोपं जातं, लवकर झोपायला सरकणं जड जातं. म्हणून पहिली, दुसरी, रात्र असा सुलटा क्रम शरीराला बरा. तुमच्या हातात असेल तर जरूर बदलून बघा.

चहाचं असं: जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जेवणानंतर जसजसा वेळ जातो तशी भूक वाढते, तसा झोपेचा ताण वाढतो. कॅफिन अॅडिनोसिनची जागा अडवून बसतं, ताण तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. आणि घेतलेल्या कॅफिनमधलं निम्मं अंगातून जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. अकरा ते सातची पाळी असेल तर चहा पहिल्या अर्ध्या पाळीत प्या. पहाटे चार-पाचचा चहा सकाळी आठच्या झोपेत आडवा येतो.

दिवसाची झोप तुटकी होते, कारण साठलेला ताण झोप मागतो आणि घड्याळ 'दिवस आहे, उठ' म्हणतं. खोली होईल तितकी काळोखी करा, खिडकीला जाड गोधडी लावा. पाळीवर जाण्याआधी संध्याकाळी एक डुलकी काढा. पाळी संपल्यावर पेंगत गाडी चालवू नका, हे मात्र कळकळीनं सांगते.

सडेतोड, परिस्थितीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली 'बहुधा कर्ककारक' या गटात घातलं आणि २०१९ साली ते वर्गीकरण कायम ठेवलं. हे कामगाराला माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. परिस्थिती बदला अशी मागणी करायलाही माहिती लागतेच.

तालमीतला | सोमवार, संध्याकाळी ७.२०

आमच्या वस्तादांनी कुठलाही कोर्स न करता हे राबवलं होतं. पहाटे चारच्या आत उठवायचे, पण रात्री नऊनंतर तालमीत दिवा दिसता कामा नये. दुपारच्या जेवणानंतर झोप सक्तीची. नवीन पोरगं दुपारी गावात हिंडताना दिसलं की संध्याकाळी त्याला जादा बैठका. म्हणायचे, अंग आखाड्यात मोडतं आणि झोपेत बांधलं जातं.

मॅडम, याला शास्त्राचा आधार आहे का?

अभ्यासिका | सोमवार, रात्री ८.००

आहे. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत होतो. सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोप जास्त असते, आणि पहाटेकडे रेम झोप वाढत जाते. आता निघते, बाकीच्यांना उद्या उत्तर देते. धाग्याच्या विषयाला जागायचं तर रात्री इथे बसून चालणार नाही.

पाणीपाळी | सोमवार, रात्री १०.५०

मी राधानगरी तालुक्यातला. शेतीला लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. रातच्या आठवड्यात उसाला पाणी पाजायला जायचं म्हणजे साप, गवा, सगळ्याचं भ्या. घरी येऊन पडायचं, परत पहाटे धारा काढायला उठायचं. झोपेचे दोन तुकडे होतात. दोन्ही मिळून सहा-साडेसहा तास भरले तर चालतंय का? का सलगच पाहिजे?

माझी पोरगी हा कोर्स घेणार म्हणतीया. तिच्या वहीतून मीबी शिकणार.

कानाकोपरा | सोमवार, रात्री ११.३०

पाणीपाळी, मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. प्रौढ माणसाला चोवीस तासांत निदान सात तास झोप हवी, हे सर्वसाधारण प्रमाण. दोन तुकड्यांत घेतली तरी काहीच न घेण्यापेक्षा पुष्कळ बरी, पण एक तुकडा चार-पाच तासांचा सलग असू द्या आणि तो होईल तितका रोज त्याच वेळेला येऊ द्या. धारा काढून झाल्यावर अर्धा तास पडता आलं तर तेही धरा.

आता माझा विषय. पैलवानांचं वर आलंच आहे. कोल्हापुरात कुस्ती सोडलेले, मान जाड झालेले, वजन वाढलेले आणि छत हादरेल असं घोरणारे लोक घरोघरी आहेत. घरचे कौतुकानं सांगतात, "काय गाढ झोपतात आमचे आबा!" ती गाढ झोप नव्हे. घोरता घोरता श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा श्वास सुरू. असं तासाला पाच ते पंधरा वेळा झालं तर सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. रक्तदाब वाढतो, दिवसा पेंग येते. यावर १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिवन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारं यंत्र आणलं. आजही मुख्य उपचार तोच.

ताई, दिवसा किती पेंग येते हे मोजणारी एपवर्थ प्रश्नावली मुलांना जरूर भरायला लावा, स्वतःची आणि घरातल्या एका मोठ्या माणसाची. मरे जॉन्स यांची १९९१ सालची आहे. आठ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन. बेरीज दहाच्या वर गेली की डॉक्टरांकडे. या एका स्वाध्यायातून किती घरांतले 'आबा' सापडतील बघा.

निशाचर | मंगळवार, मध्यरात्री १२.३५

डॉक्टर, माझं स्मार्ट घड्याळ रोज सांगतं की गाढ झोप कमी पडली. ते वाचून झोप आणखी उडते. खरं मानायचं का?

कानाकोपरा | मंगळवार, दुपारी १.३०

झोपायची आणि उठायची वेळ घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. टप्पे मात्र ते मनगटाची हालचाल आणि नाडी यांवरून अंदाजानं काढतं. प्रयोगशाळेतल्या तपासणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूचा ताण, श्वास, प्राणवायू सगळं मोजतात. महिनाभर घड्याळ काढून ठेवा, आणि मोबाइलही. तुमच्या प्रतिसादांच्या वेळाच सगळं सांगतायत.

मंगळवारपेठेतली काकू | मंगळवार, दुपारी ४.१०

मी नऊला आडवी होते आणि तीनला टक्क जागी. मग काकडआरतीला अंबाबाईच्या देवळात जाते. सून म्हणते, "आई, डॉक्टरांना दाखवा, गोळी घ्या." तुमच्या कोर्सात आमच्या वयाचं काही आहे का, की सगळं तरण्या पोरांचंच?

अभ्यासिका | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

काकू, आहे तर! वय वाढलं की गाढ झोप कमी होते, मध्ये जाग येते आणि घड्याळ अलीकडे सरकतं. नऊ ते तीन म्हणजे सहा तास झालेच. दुपारी डोळा लागत असेल तर तोही मोजा. देवळातून येऊन दिवसभर ताजंतवानं वाटत असेल तर मनातून काळजी काढून टाका. तरी तीनची जाग नको वाटत असेल तर संध्याकाळच्या उजेडात रंकाळ्यावर फिरायला जा आणि निजायला दहा वाजवा. गोळी स्वतःहून सुरू करू नका. दीर्घकाळच्या निद्रानाशावरही पहिला उपाय सवयी आणि विचार बदलण्याचा आहे: उठायची वेळ एकच ठेवायची, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, आणि डोळ्याला डोळा लागत नसेल तर तळमळत पडून न राहता उठून बसायचं.

चिंचेखाली | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

वनस्पतिशास्त्रवाला मध्ये घुसतोय, क्षमस्व.

घड्याळाची गोष्ट झाडांपासून सुरू करा. अलेक्झांडरच्या काळात आन्द्रोस्थेनिस नावाच्या माणसानं आजच्या बहारीनच्या बेटावर चिंचेची पानं रात्री मिटतात हे नोंदवलं. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरानानं लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी पानं ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. उजेड नसताना वेळ कळते म्हणजे घड्याळ आतच आहे. त्या आतल्या घड्याळाची जनुकं फळमाशीत उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पहिला प्रयोग मुलं एका कुंडीवर आणि एका खोक्यावर करू शकतात. खर्च शून्य, कुणाची झोपही जात नाही.

आणखी एक. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. वर्षाची सरासरी धरली तर आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा तेहतीस मिनिटं मागे असतो. सकाळी सातचा क्लास हा शरीराच्या हिशेबानं साडेसहाचाही नाही. अकरावी-बारावीची पोरं तिथं पेंगतात, त्यात त्यांचा आळस किती आणि आपलं वेळापत्रक किती, हे विचारायला हवं.

दूरस्थ | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

चिंचेखाली, शंभर टक्के. २०२४ साली राज्य शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, त्याचा आनंद झाला. पण वयात येताना मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, म्हणजे उशिराची खरी गरज आठवी ते बारावीला. तीच मुलं पहाटे पाचला उठून क्लासला पळतात.

रेघोटी | मंगळवार, रात्री ८.२५

सगळं वाचलं. डायरीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

ताई, कृपया झोपेला गुण देऊ नका. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी होते तेव्हा आम्हाला अशीच डायरी लिहायला लावली होती आणि वर्गात वाचून दाखवायची होती. मी तेव्हा सासरी एकत्र कुटुंबात राहत होते. रात्री सगळ्यांची जेवणं, भांडी, मग बाळ. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं. खरं लिहिलं तर घरची अब्रू चव्हाट्यावर, खोटं लिहिलं तर अभ्यास कसला? माझी झोप माझ्या हातात नव्हती. तिच्यावरून मला नापास करणं कुठल्या न्यायात बसतं? तुमच्या गडहिंग्लज-चंदगडच्या मुलींचा विचार करा.

ओतकाम | मंगळवार, रात्री ८.५०

ताईंचं खरं आहे. आमच्या पोरांची डायरी मालकाच्या हातात पडली तर 'कामावर पेंगतो' म्हणून काढतील.

आणि कोण किती वेळ जागा राहतो असली स्पर्धा कोर्सात नको. आधीच गणपतीत पोरं चार-चार रात्री जागून वर पाळीला येतात.

अभ्यासिका | बुधवार, सकाळी ९.१०

रेघोटी, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. डायरीचा प्रश्न तुमच्या प्रतिसादानं सुटला.

डायरी ज्याची त्याच्याजवळ राहील. मी मागणार नाही, कुणी वाचून दाखवणार नाही. गुण असतील ते मी तयार करून दिलेल्या नमुना डायरीच्या विश्लेषणाला: झोप किती, अंथरुणातला वेळ किती, रोजच्या वेळेत फरक किती, आणि त्या माणसाच्या परिस्थितीत काय बदलणं शक्य आहे. नमुन्यांत एक पाळीचा कामगार असेल, एक एकत्र कुटुंबातली सून, एक रातच्या लाइटला जाणारा शेतकरी. ज्यांना स्वतःचीच डायरी वापरायची आहे त्यांना मुभा.

ओतकामदादा, १९६४ साली अमेरिकेत रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा मुलगा अकरा दिवस जागा राहिला होता, तो किस्सा सांगणार आहे. पण त्याची चिडचीड, विसरभोळेपणा, भास यांच्यासकट. जागरणाचा प्रयोग कुणी करायचा नाही, हे पहिल्या पानावर लिहीन.

वेळेचं असं ठरवतेय: व्हिडिओ आणि ऑडिओ दर सोमवारी सकाळी मिळतील. थेट तास फक्त शंकांसाठी, आठवड्यातून दोनदा, बुधवारी संध्याकाळी साडेसहा आणि रविवारी दुपारी चार. यायचं तर कुठल्याही एकाला, हजेरीला गुण नाहीत. स्वाध्यायाची मुदत शनिवारी संध्याकाळी सहा. रात्री नऊनंतर कोर्सचा एकही संदेश जाणार नाही.

सडेतोड | बुधवार, सकाळी ११.००

नमुना डायरीत 'परिस्थितीत काय बदलणं शक्य आहे' हा प्रश्न घातलात, ते आवडलं. त्याच्या पुढे आणखी एक घाला: 'ते बदलणं कुणाच्या हातात आहे?' सुनेच्या झोपेचं उत्तर सुनेकडेच मागू नका. आणि जमलं तर उद्योजकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी चार तासांचा वेगळा वर्ग घ्या. पाळ्या आणि वेळापत्रकं तेच लावतात. ते व्हायचं असेल तर मी माझ्या ओळखीच्या कारखानदारांशी बोलतो.

अभ्यासिका | बुधवार, संध्याकाळी ५.५०

घातला प्रश्न. आणि कारखानदारांशी खरंच बोला, मी यायला तयार आहे.

ओतकाम | बुधवार, संध्याकाळी ७.०५

पुढच्या महिन्यापासून आमच्या विभागात पाळी सुलटी फिरवतोय. मॅनेजरांना वरचा प्रतिसाद दाखवला, हरकत नाही म्हणाले. पोरांना कसं वाटतंय ते इथंच लिहितो. कोर्सला नाव कुठं घालायचं तेवढं सांगा. बारावी होऊन बरीच वर्षं झालीत, चालतंय न्हवं?

चिंचेखाली | बुधवार, रात्री ८.१५

ताई, लाजाळूची रोपं पावसाळ्यात माझ्याकडे भरपूर होतात. लागतील तेवढी पिशव्यांत भरून ठेवतो, मुलांना तालुक्याच्या ठिकाणी पोहोचवायची सोय तेवढी बघा.